बाळाला औषध पाजताना या चुका टाळा

नाक दाबलं की तोंड उघडतं, ही म्हण व्यवहारात चालत असेल, तापानं फणफणलेल्या लेकरावर ती मुळीच चालवू नका. आमच्या रावेरकडे मी लहानपणापासून हेच बघत आले: एकीनं पाय धरायचे, दुसरीनं नाक दाबायचं आणि रडत्या तोंडात चमचा रिकामा करायचा. माझी लेक दीड वर्षाची असताना तिलाही असंच पाजलं. तिला जोराचा ठसका लागला, तोंड लालबुंद झालं, गुलाबी औषध नाकातून फ्रॉकवर आलं. त्या दिवसापासून घरात नाक दाबणं बंद. रडणारं मूल मध्येच जोरात श्वास आत ओढतं आणि तेवढ्यात औषध श्वासनलिकेत जाऊ शकतं.

आडवं झोपवूनही पाजू नका. मांडीवर बसवा, पाठ आपल्या छातीला टेकू द्या. मेडिकलवर मिळणारी सिरिंज बिनसुईची घ्या. तिचं टोक जिभेवर नको, कारण मागे धार लागली की लगेच उमळ येते. गाल आणि हिरडी यांच्यामधल्या फटीत टोक ठेवून थोडंसं सोडा, थांबा, गिळू द्या, मग पुढचं. 5 मिलीला दोन-तीन मिनिटं लागली तर लागू देत.

घरातल्या चमच्यानं मोजणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. पोह्यांचा चमचा एका घरात लहान, दुसऱ्या घरात मोठा. त्यातून पॅरासिटामॉलचे थेंब आणि सिरप एकच समजले जातात. थेंबांत साधारणपणे 1 मिलीत 100 मिलीग्रॅम औषध असतं, तर 125 च्या, म्हणजे 5 मिलीत 125 मिलीग्रॅम असलेल्या सिरपमध्ये तेवढंच औषध 4 मिलीत. म्हणजे थेंब सिरपच्या मापानं दिले तर चौपट डोस. शिवाय 250 चं सिरपही येतं. म्हणून 'मागच्या वेळी एवढंच दिलं होतं' यावर जाऊ नका. लेबल वाचा आणि डॉक्टरांकडून डोस मिलीत लिहून घ्या.

कडू लागतं म्हणून औषध दुधाच्या बाटलीत ओतलं आणि बाळानं अर्धी बाटली सोडली, तर पोटात किती गेलं कसं कळणार? खायला लागलेल्या मुलाला आपल्याकडचं कुस्करलेलं केळं एका चमच्यात मावेल एवढंच घ्या, पण हे औषध त्यात चालतं का, ते मेडिकलवाल्याला आधी विचारा. वर्षाच्या आतल्या बाळाला मध मात्र चाटवू नका, औषधाबरोबरही नाही.

अँटिबायोटिकच्या पावडरीत उकळून गार केलेलं पाणी बाटलीवरच्या खुणेपर्यंतच घाला, दर वेळी बाटली हलवा. वैशाखात जळगाव-भुसावळला पारा 45 च्या आसपास जातो, तेव्हा ती गॅसशेजारच्या फळीवर ठेवू नका. घरी फ्रिज नसेल तर औषध लिहून घेतानाच डॉक्टरांना तसं सांगा.

औषध उलटून पडलं तर लगेच दुसरा डोस देऊ नका, आधी फोन करून विचारा.

आणखी एक. सकाळी आजीनं दिलेलं असतं, शेतातून आलेल्या आईला ते माहीत नसतं, ती पुन्हा देते. आम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरला पेन बांधून ठेवलाय. जो पाजेल त्यानं त्या तारखेच्या चौकोनात लगेच वेळ लिहायची. पॅरासिटामॉलच्या दोन डोसांत निदान चार तास जायला हवेत आणि 24 तासांत चारापेक्षा जास्त डोस नकोत.