हाताने गिटार बनवताना या चुका टाळा : कोल्हापूरच्या हवेचा हिशोब

माझी पहिली गिटार मी जुलैत बांधली. राजाराम बंधारा पाण्याखाली गेलेला, बाहेर पडायची सोय नाही, हाताशी आठ-दहा दिवस मोकळे. वाटलं, हीच वेळ. स्प्रूसची तबली छान बसली, तिला आतून आधार देणाऱ्या पट्ट्या, म्हणजे ब्रेस, घट्ट चिकटल्या, गणपतीत गिटार वाजलीसुद्धा. मार्चमध्ये एका दुपारी खोलीत टक्क असा आवाज झाला. जाऊन बघतो तर तबलीला ब्रिजपासून (तारा जिथे अडकवतात त्या पट्टीपासून) खालच्या कडेपर्यंत चीर गेलेली आणि साउंडहोलच्या भोवतीचा भाग खोलगट बसलेला.

(तबली हा शब्द मिरजेचा, सतार-तंबोऱ्याच्या भोपळ्यावर बसणाऱ्या पातळ लाकडी झाकणाचा. गिटारच्या टॉपलाही तो चपखल बसतो, म्हणून मी तोच वापरतो.)

चूक हत्यारांची नव्हती, लाकडाचीही नव्हती. महिना चुकला होता. त्यानंतर कोल्हापूर आणि आसपासच्या बऱ्याच हौशी मुलांच्या गिटारी दुरुस्तीला हातात आल्या. बहुतेक दुखण्यांचं मूळ तेच निघालं, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

ओल्या हवेत ब्रेस चिकटवू नका

लाकूड हवेतली ओल घेतं आणि सोडतं. हवेतली आर्द्रता ४५ टक्के असेल तर लाकडात साधारण ८ ते ९ टक्के पाणी राहतं. आर्द्रता ८५ टक्क्यांवर गेली की तेच लाकूड १८ टक्क्यांपर्यंत पाणी धरतं. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये ८५ म्हणजे रोजचीच हवा. गगनबावडा, राधानगरीकडे तर त्याहून जास्त. उलट मार्च-एप्रिलच्या दुपारी काटा चाळिसाच्याही खाली येतो.

आता हिशोब करा. लाकूड रेषांच्या दिशेने जवळजवळ हलत नाही, रेषांना आडवं मात्र फुगतं आणि आखडतं. चांगल्या कापाची, म्हणजे टोकाकडून पाहिल्यावर वर्तुळं उभी दिसणारी स्प्रूसची तबली घेतली तरी १८ वरून ८ टक्क्यांवर येताना ३८० मिमी रुंदीत ती सुमारे ५ मिमी आखडते. खाली चिकटलेले ब्रेस तबलीच्या रेषांना आडवे किंवा तिरके असतात. त्यांची लांबी बदलत नाही. म्हणजे वरचं लाकूड आखडायला बघतं आणि खालचं त्याला सोडत नाही. आधी तबलीचा फुगवटा बसतो, मग ती खोलगट होते, आणि ताण सहन झाला नाही की चिरते.

उलट दिशेला एवढा धोका नाही. ४० ते ५० टक्क्यांत चिकटवलेली तबली पावसाळ्यात फुगते, तारा थोड्या वर उचलल्या जातात, पण लाकूड फाटत नाही. फुगवटा उतरवता येतो, चीर पुसता येत नाही. म्हणून तबली आणि पाठीची चिकटवणी फेब्रुवारी-मार्चमध्ये उरका. एप्रिलच्या भर दुपारी, काटा २५ वर असताना मात्र नको. तेवढ्या कोरड्यात बांधलेली गिटार पावसाळ्यात इतकी फुगते की ब्रिजच वर सरकतो.

पावसाळ्यातच काम करायचं असेल तर गरम पेटी करा. प्लायवूडची पेटी, आत जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब, लाकडापासून हातभर लांब, आणि मध्ये पत्र्याचा आडोसा. हवा २५ अंशांवर ८५ टक्के ओली असेल, तर तीच हवा ३५ अंशांवर नेली की आर्द्रता पन्नाशीच्या खाली येते. पाणी तेवढंच राहतं, हवेची धरायची ताकद वाढते. तबली आणि ब्रेसच्या काड्या आठवडाभर त्यात ठेवा, बाहेर काढून पंधरा-वीस मिनिटांत चिकटवा आणि क्लॅम्पसकट परत आत सरकवा. पातळ लाकूड काही तासांतच हवेशी जुळवून घेतं, त्यामुळे तिथे रेंगाळू नका.

आर्द्रता मोजायचा स्वस्त डिजिटल मीटर घ्या, पण त्याच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, त्यात थेंब-दोन थेंब पाणी घालून ओलसर करा आणि मीटरबरोबर हवाबंद डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी आकडा ७५ दिसायला हवा. माझा पहिला मीटर ६६ दाखवत होता. म्हणजे मी ४५ समजून ५४ मध्ये काम करत होतो.

वखारीतलं लाकूड 'वाळलेलं' आहे असं सांगितलं जातं, ते फर्निचरच्या हिशोबाने. नेकसाठी, म्हणजे गिटारच्या दांड्यासाठी, सागवान किंवा महोगनीचा ठोकळा घेतला तर त्यावर तारीख लिहा, दर महिन्याला काट्यावर वजन करा आणि तेही लिहून ठेवा. ओळीने दोन-तीन महिने वजन हललं नाही की लाकूड तयार. उघड्या हवेत इंचाच्या जाडीला एक वर्ष हा जुना अंदाज आहे. कोल्हापुरात मी त्यात एक पावसाळा आणखी धरतो.

पाठीसाठी महाग लाकूड, तबलीसाठी मिळेल ते

हे उलट करा. शिसवाची पाठ सुंदर दिसते, हे खरं. पण आवाज मुख्यतः तबली बनवते. स्पेनच्या आंतोनिओ दे तोरेस यांनी १८६२ मध्ये कागदाच्या लगद्याची पाठ आणि बाजू असलेली गिटार बांधून हेच दाखवून दिलं. ती बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आजही आहे. पाठीला फणस किंवा साग चालेल, पैसे तबलीत घाला. आणि जाडी केवळ आकड्यावर ठरवू नका. स्टीलच्या तारांना स्प्रूस २.५ ते ३ मिमी हा अंदाज असतो. पण हातात धरून आडवी वाकवून बघा, बोटाने टकटक करून ऐका. ताठ पाटी २.५ मध्ये उभी राहते, मऊ पाटी ३ मध्येही डळमळते. भीतीपोटी ब्रेस जाड ठेवणं ही नवशिक्याची नेहमीची चूक. गिटार टिकते, पण आवाज पेटीत कोंडल्यासारखा येतो.

फ्रेटची मापं : १८ ने भागू नका

एका मुलाने अतिशय निगुतीने बांधलेली गिटार आणली. खुल्या तारा सुरात, पण वर जाल तसा सूर ढासळतो. फ्रेट म्हणजे नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या. त्यांच्या जागा काढायला त्याने कुठूनतरी १८ चा नियम उचलला होता : तारेची उरलेली लांबी १८ ने भागायची आणि तेवढ्या अंतरावर पुढचा फ्रेट. नियम जुना आहे. गॅलिलिओचे वडील व्हिन्सेंझो गॅलिली यांनी १५८१ मध्ये १८:१७ हे प्रमाण मांडलं होतं. पण आजच्या समान अंतराच्या स्वरांना भाजक लागतो १७.८१७.

तारेची लांबी ६५० मिमी धरा. १७.८१७ ने भागलं की पहिला फ्रेट नटपासून (नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या खाचांच्या पट्टीपासून) ३६.४८ मिमीवर येतो. १८ ने भागलं तर ३६.११. फरक केसाएवढा वाटतो. पण बाराव्या फ्रेटपर्यंत जाईतो तो जवळजवळ २.४ मिमी होतो. बारावा फ्रेट बरोबर अर्ध्यावर, ३२५ वर, हवा, त्याचा ३२२.६ वर होता. पट्टी नवी करण्याशिवाय इलाज नव्हता.

दुसरी चूक त्याहून सहज होते. प्रत्येक फ्रेट मागच्या फ्रेटपासून मोजला की दर वेळची पाव मिमीची चूक साठत जाते. सगळी मापं नटपासूनच घ्या : पाचवा १६३.०५, सातवा २१६.१८, बारावा ३२५. हे पट्टीवर पेन्सिलीने होणारं काम नाही. कोल्हापूरकरांची इथे चैन आहे. शिवाजी उद्यमनगरात मिलिंग मशिन किंवा लेझर कटिंगवाल्याला आकड्यांचा तक्ता दिला की ॲल्युमिनियमच्या पट्टीवर खाचा पाडून मिळतात. एकदा केलेला साचा जन्मभर पुरतो.

खाच कापायला साधं हॅकसॉ ब्लेड वापरू नका. फ्रेटचं पातं साधारण ०.५ ते ०.६ मिमी जाड असतं. ब्लेडचे दात दोन्ही बाजूंना फाकलेले असल्याने खाच त्याहून रुंद पडते आणि फ्रेट सैल बसतो. मी दातांच्या दोन्ही कडा ग्राइंडरवर घासून घेतल्या, मग ब्लेड कामाचं झालं.

ब्रिज नकाशाप्रमाणे चिकटवणं

नकाशात ब्रिजची जागा असते म्हणून तो आधी चिकटवला जातो, नेक नंतर बसतो, आणि तो एक-दीड मिमी इकडेतिकडे होतोच. आधी नेक पक्का करा. मग नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंतचं प्रत्यक्ष अंतर मोजा आणि दुप्पट करा. त्यातही सॅडल, म्हणजे ब्रिजमधली तारा टेकायची पट्टी, थोडं मागे हवं, कारण तार दाबली की ताणली जाते आणि सूर चढतो. स्टीलच्या तारांत बारीक तारेला साधारण २ मिमी आणि जाड तारेला ४ ते ५ मिमी. म्हणूनच सॅडल तिरकं असतं.

ब्रिजखालचं पॉलिश खरवडून कोऱ्या लाकडावर चिकटवा. आणि घरातला साधा पांढरा गोंद तिथे नको. लाइट तारांचा संचसुद्धा सुरात आणला की मिळून सत्तर किलोच्या वर ओढतो. पांढरा गोंद उष्णतेत मऊ पडतो आणि सततच्या ओढीत हळूहळू सरकतो. मे महिन्यात बंद गाडीत दोन तास राहिलेल्या गिटारचा ब्रिज मागून कागदाएवढा उचललेला मी पाहिला आहे. मी सरस, म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांचा गोंद, वापरतो. उन्हाला तो टिकतो, आणि कधी काढायचा झाला तर वाफेने सुटतो. फक्त सरस लावताना लाकूड कोमट हवं, नाहीतर क्लॅम्प बसेपर्यंत तो गोठतो.

नेकचा कोन

लांब सरळ पट्टी फ्रेटवर ठेवा. तिचं टोक ब्रिजच्या माथ्याला टेकत-न-टेकत असं यायला हवं. खाली आलं तर तारा उंच राहणार, आणि सॅडल घासून घासून किती उतरवणार? बाराव्या फ्रेटवर १ मिमी कमी करायला सॅडल २ मिमी घासावं लागतं. पहिल्या गिटारला बोल्टचा जोड घ्या. डव्हटेल, म्हणजे लाकडात लाकूड अडकवून चिकटवलेला जोड, दिसायला देखणा आहे, पण कोन चुकला तर बोल्ट सोडून टाचेला थोडी पटाशी मारता येते. डव्हटेल आधी वाफेने सोडवावा लागतो.

बाजू वाकवताना

पट्टी २ ते २.३ मिमीपेक्षा जाड ठेवू नका. हाताने जोर देऊ नका, तापलेल्या पाइपवर लाकूड आपण होऊन मऊ पडेपर्यंत थांबा. रेषा तिरक्या पळत असतील ती पट्टी बाजूला टाका, कमरेच्या वळणावर ती हमखास मोडते.

तारा चढवल्यावर झणझण येते

हे दुखणं सगळ्यात जास्त येतं, आणि सगळे आधी सॅडल उंच करतात. थांबा, आधी ऐका. फक्त खुली तार झणझणते आणि पहिला फ्रेट दाबला की थांबते, तर नटची खाच खोल गेली आहे. पहिल्या तीन-चार फ्रेटवर येते, तर नेक फार सरळ किंवा मागे वाकलेला आहे; ट्रस रॉड (नेकच्या आतली, त्याचा वाक सुधारणारी सळई) थोडा सैल करा, एका वेळी पाव फेरा, पुन्हा सुरात आणा, मग बघा. एकाच ठिकाणी येते, तर पुढचा फ्रेट उंच आहे. छोटी स्टीलची पट्टी तीन-तीन फ्रेटवर ठेवून ती डुगडुगते का पाहा. कुठेही वाजवलं तरी आतून खरखर येते, तर एखादा ब्रेस सुटलाय. तबलीवर बोटाच्या पेराने ठोकत जा, मोकळा आवाज येईल तिथे तो आहे.

एक झणझण मात्र मला कित्येक दिवस सापडली नव्हती. फ्रेट समतल, नेक बरोबर, नट बरोबर, तरी प्रत्येक स्वरामागे सतारीसारखी लांब किणकिण. मिरजेला तंबोऱ्याच्या कामासाठी गेलो होतो, तेव्हा गिटार बरोबर नेली. तिथले एक वयस्कर कारागीर आहेत, मी त्यांना चाचा म्हणतो. त्यांनी तार छेडली, सॅडलवर अंगठा फिरवला आणि म्हणाले, "अरे बाळा, तू तर हिची जवारी काढून ठेवलीस."

मिरजेच्या सतारमेकरांचं काम एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनचं. मूळची ही शिकलगारांची, हत्यारं घडवणारी घराणी. २०२४ मध्ये तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यांच्या घोडीचा माथा रुंद आणि किंचित गोल असतो, तार त्याच्यावर घासत कंप पावते आणि त्यातूनच तंबोऱ्याचा तो भरलेला स्वर निघतो. माथ्याला तसा आकार देणं म्हणजेच जवारी काढणं. माझ्या सॅडलचा माथा मी पॉलिश पेपरने अगदी सपाट केला होता. म्हणजे नकळत तेच घडलं होतं. तंबोऱ्याचा जो प्राण, तोच गिटारमध्ये दोष. सॅडलचा माथा ब्रिज-पिनांकडे उतरता केला, तार पुढच्या कडेवर एकाच रेषेत टेकेल असा. दहा मिनिटांत किणकिण गेली. नटच्या खाचांचंही तसंच. खाच खुंट्यांकडे उतरती हवी, तार फ्रेटबोर्डकडच्या कडेवर टेकली पाहिजे.

सूर तपासताना बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला स्वर) आणि तिथेच दाबलेला स्वर ताडून बघा. दाबलेला चढा असेल तर सॅडलचा टेकू मागे न्या, उतरा असेल तर पुढे. पण पहिल्या दोन-तीन फ्रेटवरच चढा असेल तर नटच्या खाचा उथळ राहिल्या आहेत, सॅडलला हात लावू नका.

पॉलिश

श्रावणात चपड्याचं पॉलिश करू नका. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली ओल त्यावर धरते आणि पांढुरकी झाक येते. आली असेल तर कोरड्या दिवशी स्पिरिटचा हलका हात फिरवला की बहुतेक वेळा निघते.

तयार गिटारची दोन सॅडलं

तारा चढवल्यावर पहिले पंधरा दिवस काही कापू-घासू नका. तबली ओढ घेऊन स्थिरावते आणि बाराव्या फ्रेटवरची उंची बदलते. नंतर जाड तारेखाली २.५ मिमी आणि बारीक तारेखाली २ मिमीच्या आसपास आणा. मग वहीत तारीख, आर्द्रता आणि ती उंची लिहा, वर्षभर दर महिन्याला. माझ्या गिटारमध्ये एप्रिल आणि ऑगस्ट यांत चांगला अर्ध्या मिमीचा फरक पडतो. म्हणून मी प्रत्येक गिटारबरोबर हाडाची दोन सॅडलं देतो : उन्हाळ्याचं थोडं उंच, पावसाळ्याचं थोडं बुटकं. तळाशी पेन्सिलीने 'उ' आणि 'पा' लिहिलेलं असतं. सॅडल खाचेत चिकटवत नाही, तारा सैल करून बोटाने बदलता येतं.