डिसेंबर १९९८चा उच्च श्रेणीचा गेमिंग पीसी पुन्हा कसा उभारावा

जुना गेमिंग पीसी पुन्हा उभारायचा म्हटला की बहुतेक जण आधी मिळतील ते सुटे भाग जमवतात आणि मग त्यांतून यंत्र कसे बसते ते पाहतात. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. आधी तारीख ठरवावी; आणि तीही ‘नव्वदच्या दशकाचा उत्तरार्ध’ अशी ढोबळ नव्हे, तर वर्ष आणि महिना धरून, कारण त्या काळी वर्षभरात कालचे सर्वोत्तम कार्ड दुय्यम ठरत असे. तारीख एकदा ठरली, की हाती येणाऱ्या प्रत्येक भागाबद्दल एकच गोष्ट तपासायची उरते: तो तेव्हा बाजारात होता की नाही. मी येथे डिसेंबर १९९८ ही तारीख धरली आहे. त्या वर्षीच्या मे महिन्यात ‘अनरियल’ आणि नोव्हेंबरमध्ये ‘हाफ-लाइफ’ हे खेळ आले होते, इंटेलचा पेंटियम टू हा प्रोसेसर आपल्या सर्वोच्च वेगाला पोहोचला होता आणि थ्रीडीएफएक्स कंपनीची व्हूडू टू ही ग्राफिक्स कार्डे जोडीने लावणे ही हौसेची परिसीमा होती.

मदरबोर्डाची निवड सोपी आहे. इंटेलचा ४४० बीएक्स हा चिपसेट (बोर्डावरील भागांत दुवा साधणाऱ्या चिपांचा संच) एप्रिल १९९८ मध्ये आला, त्याने बसचा, म्हणजे भागांमधील माहितीच्या मार्गाचा, वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झवर नेला आणि स्थैर्याच्या बाबतीत तो इतका भरवशाचा ठरला की पुढे कित्येक वर्षे लोक त्याला सोडायला तयार नव्हते. आसुसचा पी२बी किंवा अ‍ॅबिटचा बीएच६ मिळाला तर उत्तम. नाही तर किमान चार पीसीआय स्लॉट, एक एजीपी स्लॉट आणि एखादा आयएसए स्लॉट (कार्डे लावण्याच्या खाचांचे हे तीन प्रकार; एजीपी ग्राफिक्ससाठी, आयएसए जुन्या कार्डांसाठी) असलेला कोणताही चांगला बीएक्स बोर्ड चालेल. विकत घेण्यापूर्वी कपॅसिटरांचे माथे सपाट आहेत का, तळाशी तपकिरी ओघळ नाहीत ना, हे पाहून घ्यावे. घरी आणल्यावर सीआर२०३२ जातीची बॅटरी न तपासताच बदलून टाकावी, कारण संपलेल्या बॅटरीमुळे बायोसमधील (यंत्र सुरू करणाऱ्या प्राथमिक प्रोग्रॅममधील) नोंदी पुसल्या जातात आणि मग नसलेले दोष शोधण्यात वेळ जातो.

प्रोसेसर म्हणजे ४५० मेगाहर्ट्झचा पेंटियम टू. तो ऑगस्ट १९९८ मध्ये आला. काळ्या पेटीसारख्या काडतुसातून तो स्लॉट वन या प्रोसेसरच्या खाचेत उभा बसतो, आणि त्याची ५१२ केबी दुय्यम कॅश (जवळची जलद स्मृती) प्रोसेसरच्या निम्म्या वेगाने चालते. त्याच महिन्यात सेलेरॉन ३००ए आला होता. त्याची कॅश फक्त १२८ केबी असली तरी पूर्ण वेगाने चालणारी होती, आणि बस ६६ वरून १०० मेगाहर्ट्झवर नेली की तोही बहुधा ४५० गाठत असे. पण ते हुशार माणसाचे यंत्र होते, श्रीमंत माणसाचे नव्हे, आणि आपण येथे श्रीमंताचे उभारत आहोत. पेंटियम थ्रीचा मोह मात्र टाळावा. बायोस अद्ययावत केल्यास तो याच स्लॉटमध्ये चालतो हे खरे, परंतु तो फेब्रुवारी १९९९चा आहे. काडतुसावरचा छोटा पंखा बहुधा घरघरत असतो. चकती सोलून त्याच्या आसाला यंत्राच्या तेलाचा एक थेंब दिला की तो पुष्कळदा शांत होतो.

रॅमसाठी १२८ एमबीचे एक पीसी१०० मॉड्यूल पुरे आहे. येथे एक जुनी खोच सांगितली पाहिजे. एकदा मी हौसेने २५६ एमबीचे मॉड्यूल बसवले आणि बोर्डाने ते १२८च दाखवले. संपर्क पुसण्यात आणि स्लॉट बदलण्यात अख्खी संध्याकाळ गेली. दोष कोणाचाच नव्हता. बीएक्स चिपसेटला जास्त घनतेच्या चिप ओळखता येत नाहीत, म्हणून आठ चिपांचे २५६ एमबी मॉड्यूल त्याला अर्धेच दिसते. सोळा चिपांचे असेल तर पूर्ण दिसते. तेव्हा आकडा वाचण्याआधी चिप मोजाव्यात. ५१२ एमबीच्या पुढे मात्र जाऊच नये, कारण तेथे विंडोज ९८ स्वतःच अडखळू लागते.

वीजपुरवठा नवा घेण्यात मला काही गैर वाटत नाही. पंचवीस वर्षांच्या पॉवर सप्लायमधील सुकलेले कपॅसिटर बाकीचे सगळे भाग घेऊन बुडू शकतात, आणि बंद कॅबिनेटमध्ये तो कोणाला दिसतही नाही. मात्र नवा घेताना त्यावरचा तक्ता नीट वाचावा: आजचे पॉवर सप्लाय सारा जोर १२ व्होल्टच्या वाहिनीवर देतात, तर या यंत्राची भूक मुख्यतः ५ आणि ३.३ व्होल्टवर भागते, म्हणून ५ व्होल्टच्या वाहिनीवर २० अँपिअर किंवा अधिक क्षमता असलेलाच निवडावा. २४ पिनांच्या जोडणीचा चार पिनांचा तुकडा सुटा होत असेल, तर उरलेल्या २० पिना जुन्या बोर्डावर बरोबर बसतात.

आता ग्राफिक्सकडे वळू, कारण या यंत्राची ओळख तेथेच आहे. व्हूडू टू हे कार्ड फक्त त्रिमितीय चित्र काढते. विंडोजचा साधा पडदा दाखवणे त्याला येतच नाही. त्यामुळे एजीपी स्लॉटमध्ये एक स्वतंत्र कार्ड लागते, आणि तेथे मी मेट्रॉक्स जी२०० सुचवेन. एनव्हिडियाचे रिव्हा टीएनटी त्रिमितीय कामात त्याहून सरस आहे यात वाद नाही, पण खेळांचे काम व्हूडूंकडे सोपवल्यावर एजीपी कार्डाकडून हवी असते ती स्वच्छ, रेखीव अक्षरे, आणि त्यात मेट्रॉक्सचा हात धरणारे तेव्हा फारसे कोणी नव्हते. शिवाय हे चित्र व्हूडू कार्डातून फिरून मॉनिटरकडे जाणार असल्याने वाटेत थोडे मऊ पडतेच. म्हणून मुळात ते जितके धारदार तितके बरे.

व्हूडू टू ८ एमबी आणि १२ एमबी अशा दोन प्रकारांत मिळत असे. आपल्याला १२ एमबीची जोडी हवी, आणि शक्यतो दोन्ही कार्डे एकाच कंपनीची व एकाच आवृत्तीची असावीत. प्रत्येक कार्डावर तीन मोठ्या चिप असतात: एक पडद्याचे चित्र सांभाळते, दोन पृष्ठभागांचे पोत चढवतात. जोडी लावली की एक कार्ड पडद्याच्या सम रेषा काढते आणि दुसरे विषम. एसएलआय म्हणतात ते हेच. पोतांची प्रत दोन्ही कार्डांना स्वतंत्र ठेवावी लागते, त्यामुळे दोन कार्डांचे मिळून २४ एमबी झाले असा हिशेब करू नये. खरा लाभ दोन गोष्टींत आहे: रेषा काढण्याचा वेग जवळजवळ दुप्पट होतो, आणि ८०० बाय ६०० वर अडलेला पडदा १०२४ बाय ७६८ पर्यंत जातो.

कार्ड हाती आल्यावर भिंग आणि चांगला उजेड घेऊन बसावे. या मोठ्या चिपांच्या चारही कडांना केसाइतक्या बारीक पायांची रांग असते, आणि वर्षानुवर्षे कार्डे एकमेकांवर रचून ठेवल्याने कोपऱ्यावरचे दोनतीन पाय शेजाऱ्याला टेकलेले किंवा पाटीपासून उचललेले असतात. सुईच्या टोकाने, श्वास रोखून, असा पाय मूळ जागी सरळ करता येतो. पण तो निखळला असेल तर डाख देण्याचा सराव असलेल्या माणसाकडेच काम द्यावे. सोनेरी संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावेत. खोडरबराचा सल्ला पुष्कळ जण देतात, मी देत नाही, कारण त्याने मळाबरोबर सोन्याचा मुलामाही झिजतो.

बसवताना दोन्ही व्हूडू शेजारच्या पीसीआय स्लॉटांत घालावेत, म्हणजे त्यांना जोडणारी छोटी पट्टी केबल ताणली जात नाही. एजीपीला लागून असलेला पहिला पीसीआय स्लॉट पुष्कळ बोर्डांवर एजीपीबरोबर इंटरप्ट (प्रोसेसरचे लक्ष वेधण्याची वाहिनी) वाटून घेतो, म्हणून साउंड कार्ड तेथे कधीही लावू नये. मग मागच्या बाजूला आखूड व्हीजीए केबलने मेट्रॉक्सचे चित्र एका व्हूडूच्या आत न्यावे आणि मॉनिटर त्याच व्हूडूच्या बाहेरच्या तोंडाला जोडावा. दुसऱ्या व्हूडूला मागून काहीच जोडायचे नसते. विंडोज नीट दिसत असूनही खेळ सुरू होताच पडदा काळा झाला, तर ही दोन्ही टोके दुसऱ्या कार्डावर लावून पाहावीत.

आवाजाची बाजू आज विसरली गेली आहे, पण १९९८ मध्ये तेथे चित्राइतकीच चुरस होती. एका बाजूला क्रिएटिव्हचे साउंड ब्लास्टर लाइव्ह आणि त्याचे ईएएक्स, तर दुसऱ्या बाजूला ऑरियलची व्होर्टेक्स टू चिप आणि तिचे ए३डी. ईएएक्स जागेचा घुमारा देते: गुहा, बोगदा, मोठे दालन. ए३डी मात्र खेळातील भिंती लक्षात घेऊन आवाज कोठून परावर्तित होऊन येईल याचे गणित मांडते, आणि हेडफोन लावून ऐकले तर पाठीमागची पावले खरोखरच पाठीमागे वाजतात. माझे मत व्होर्टेक्स टूच्या, म्हणजे डायमंडच्या मॉन्स्टर साउंड एमएक्स३०० च्या बाजूने आहे. डॉसचे जुने खेळही खेळायचे असतील, तर आयएसए स्लॉटमध्ये साउंड ब्लास्टर एडब्ल्यूई६४ वेगळे लावावे.

सीडी ड्राइव्हच्या मागून साउंड कार्डाकडे जाणारी चार पिनांची बारीक ऑडिओ केबल विसरू नये. ‘क्वेक टू’ आणि ‘हाफ-लाइफ’चे संगीत सीडीवर गाण्यांच्या ट्रॅकसारखे साठवलेले आहे आणि ते याच केबलमधून येते. ती नसेल तर खेळ बिनतक्रार चालतो, गोळ्यांचे आवाज येतात, फक्त संगीत गायब असते. मी स्वतः ‘क्वेक टू’ कितीतरी दिवस असाच मुका खेळलो आणि तो तसाच असावा असे समजत राहिलो.

हार्ड डिस्क जुनी घ्यावी की नवी साधने वापरावीत, हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न आहे. जुन्या डिस्कची खरखर हा त्या काळाचाच आवाज आहे, पण ती कधी दगा देईल सांगता येत नाही. आयडीई अ‍ॅडॉप्टरवर बसवलेले कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड शांत आणि सुरक्षित पडते. क्षमता ३२ जीबीच्या आतच ठेवावी, कारण त्यापुढे त्या वेळचे अनेक बायोस सुरुवातीलाच गोठतात.

कार्यप्रणालीच्या बाबतीत मी एक लबाडी करतो: डिसेंबर १९९८ मध्ये असलेल्या मूळ विंडोज ९८ ऐवजी १९९९ची दुसरी आवृत्ती घालतो. यूएसबी आणि ड्रायव्हर यांबाबत ती बरीच सुधारलेली आहे आणि पडद्यावर फरक जवळजवळ दिसत नाही. बूट फ्लॉपीने यंत्र सुरू करून एफडिस्कने विभाग पाडावा, पुन्हा सुरू करून तो फॉरमॅट करावा, आणि मग सीडीवरील ‘विन९८’ हे फोल्डर डिस्कवर उतरवून तेथूनच सेटअप चालवावा. असे केल्याने पुढे प्रत्येक ड्रायव्हरच्या वेळी सीडी मागितली जात नाही. फोल्डर उतरवण्यापूर्वी डॉसमध्ये स्मार्टड्राइव्ह (डिस्कचे वाचन-लेखन जलद करणारा प्रोग्रॅम) चालू करावे. त्याने हे काम कित्येक पटींनी लवकर होते.

विंडोज उभे राहिल्यावर ड्रायव्हर एकेक करून घालावेत आणि प्रत्येकानंतर यंत्र पुन्हा सुरू करावे: आधी मेट्रॉक्स, मग व्हूडू, शेवटी साउंड कार्ड. या विंडोजबरोबर येणारे डायरेक्टएक्स ६.१ (खेळांना चित्र आणि आवाजासाठी लागणारा विंडोजचा संच) या काळाच्या खेळांना पुरेसे आहे. यानंतर डिव्हाइस मॅनेजरमध्ये हार्ड डिस्क आणि सीडी ड्राइव्ह यांच्या गुणधर्मांत जाऊन डीएमएची (प्रोसेसरला न गुंतवता माहिती हलवण्याच्या सोयीची) चौकट खूण केलेली आहे का ते पाहावे. ती पुष्कळदा रिकामी असते, आणि मग डिस्कवरून काही वाचताना दर वेळी प्रोसेसर त्यात अडकतो व खेळ मध्येच हिसके देतो. कॉम्पॅक्टफ्लॅश वापरत असाल तर मात्र कार्ड आणि अ‍ॅडॉप्टर दोन्हींना डीएमए जमते याची आधी खात्री करावी, नाही तर ही खूण केल्यावर विंडोज सुरूच होत नाही.

मॉनिटर काचेच्या नळीचाच हवा. १७ किंवा १९ इंचांचा, १०२४ बाय ७६८ ला ८५ हर्ट्झ देणारा कोणताही चालेल. सोनीच्या ट्रिनिट्रॉन नळीवर पांढऱ्या पार्श्वभूमीवर दोन पुसट आडव्या रेषा दिसतात. तो बिघाड नसून आतील जाळी स्थिर ठेवणाऱ्या तारांची सावली आहे. उचलताना काच छातीकडे धरावी, कारण सगळे वजन पुढच्या बाजूला असते. मॉनिटर उघडण्याच्या फंदात मात्र पडू नये; वीज काढल्यानंतरही आतील उच्च दाबाचा विद्युतभार टिकून राहतो आणि तो जीवघेणा ठरू शकतो.

सगळे जमले की नाही हे पाहण्यासाठी ‘अनरियल’ सुरू करावा आणि चित्रासाठी ग्लाइड (थ्रीडीएफएक्सची स्वतःची चित्रप्रणाली) निवडून १०२४ बाय ७६८ हा पर्याय लावावा. तो लागला, तर दोन्ही कार्डे एकमेकांना ओळखत आहेत. ८०० बाय ६०० च्या पुढे यंत्र जातच नसेल, तर एसएलआयची केबल काढून दोन्ही टोके पुन्हा घट्ट बसवावीत. कार्डे बरीच तापतात, म्हणून कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला त्यांच्या रोखाने एक संथ पंखा लावावा. झाकण लावण्यापूर्वी जम्परांच्या जागा, बायोसमधील नोंदी आणि कोणत्या स्लॉटमध्ये काय आहे हे एका कागदावर लिहून तो कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवावा, आणि डिस्कची एक पूर्ण प्रत काढून बाजूला ठेवावी.