पॅरामेडिकच्या नवीन मुलांना शिकवताय? मॉनिटर आधी बाजूला ठेवा

सुरुवातीचे काही दिवस मी मुलांच्या हातात मॉनिटर (पल्स, बीपी, ऑक्सिजनचे आकडे दाखवणारं यंत्र) देतच नाही, कारण एकदा का तो दिला की सगळ्यांची नजर स्क्रीनला चिकटते आणि पेशंट घामाने भिजलाय, पांढराफटक पडलाय हे कुणाच्या लक्षातच येत नाही.

त्याऐवजी हे करून बघा. एकाला जमिनीवर झोपवा, दुसऱ्याला दारात फक्त 10 सेकंद उभं करा आणि मग पाठ फिरवून विचारा काय काय दिसलं. उघडी वायर, गॅसचा वास, गाड्यांची वर्दळ असं काही होतं का, ग्लोव्हज घातले होते का, पेशंट किती होते, बोलत होते का. पूर्ण वाक्य बोलतोय म्हणजे सध्या एअरवे (श्वासाची वाट) मोकळा आहे, दोन-तीन शब्दांनंतर थांबतोय म्हणजे श्वासाचा त्रास आहे, एवढं तर दारातूनच कळतं.

मग क्रम. धो धो रक्त वाहत असेल तर आधी ते, मग एअरवे, श्वास, रक्ताभिसरण, शुद्धीत आहे का ते आणि शेवटी कपडे बाजूला करून तपासणी, पण तपासून झालं की लगेच पांघरूण घाला, थंड पडलेल्या पेशंटचं रक्त नीट गोठत नाही. हा क्रम मुलं पाठ करतात हो, पण सापडलेला प्रॉब्लेम तिथेच सोडून पुढच्या पायरीवर जातात. घशातून गुरगुर ऐकू येतेय तर आधी सक्शन (घशात साचलेलं यंत्राने ओढून काढणं), बीपीचा पट्टा नंतर!

श्वास मोजायला मात्र भरपूर वेळ द्या. सगळ्यात जास्त अंदाजपंचे लिहिला जाणारा आकडा हाच, ज्याच्या त्याच्या कागदावर 16 नाहीतर 18. मोठ्या माणसाचं साधारण 12 ते 20 धरतात, आणि तब्येत बिघडायला लागली की बऱ्याचदा बीपी पडायच्या आधी हा आकडा वाढतो, म्हणून तो खरा हवा. पल्स बघतोय असं दाखवत मनगट धरून ठेवायचं आणि नजर छातीवर, कारण श्वास मोजतायत हे कळलं की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो. 30 सेकंद मोजून दुप्पट करायचं, लय अनियमित असेल तर पूर्ण मिनिट. आणि एक, श्वास थांबल्यावरही एसपीओटू (रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा) खाली यायला वेळ लागतो, तोवर स्क्रीनवरचा आकडा छानच दिसत राहतो.

अंबू बॅग (मास्क लावून हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) बघायला सोपी वाटते पण हातात बसायला वेळ लागतो. अंगठा आणि तर्जनी मास्कवर, बाकीची तीन बोटं जबड्याच्या हाडाखाली, हाडालाच धरून, मऊ भागावर दाब नको. मास्क चेहऱ्यावर दाबायचा नाही, जबडा उचलून मास्कपर्यंत आणायचा. दोघं असतील तर एकाने दोन्ही हातांनी मास्क धरावा, दुसऱ्याने बॅग दाबावी. पल्स आहे पण श्वास नाही अशा मोठ्या माणसाला दर 6 सेकंदांनी एक श्वास, तोही सेकंदभरात, छाती उठताना दिसली की बास. घाबरलेला विद्यार्थी बॅग पूर्ण पिळतो आणि भराभर पिळतो, मग हवा पोटात जाते आणि उलटी होते. त्याच्या शेजारी बसून मोठ्याने आकडे मोजा, दोन-तीन दिवसांत हात शांत होतो.

सीपीआर (हृदय बंद पडल्यावर छाती दाबणं) तर सगळेच शिकवतात: मिनिटाला 100 ते 120 दाब, खोली 5 ते 6 सेंटीमीटर, छाती पूर्ण वर येऊ द्यायची आणि दर 2 मिनिटांनी दाबणारा माणूस बदलायचा, दमलो नाही म्हणाला तरी.

टूर्निकेबद्दल (रक्त थांबवायला हातापायावर आवळायचा पट्टा) आधीच सांगून ठेवा की ते खूप दुखतं. पेशंट ओरडला की हात आपोआप सैल होतो, तिथेच चूक होते. जखमेच्या 5-7 सेंटीमीटर वर, सांध्यावर नाही, रक्त थांबेपर्यंत आवळायचं, वेळ लिहायची आणि सोडायचं नाही. पेशंटला मात्र सांगत राहायचं, "दुखणार आहे, मी इथेच आहे."

शेवटी हँडओव्हर, म्हणजे पेशंट हॉस्पिटलकडे सोपवताना द्यायची माहिती, मिनिटभरात: वय, वेळ, काय झालं, काय सापडलं, आकडे, काय उपचार दिले. ज्याने केस बघितलेलीच नाही अशा मुलाला ऐकायला बसवा आणि त्याच्याकडून परत सांगून घ्या. त्याच्या सांगण्यात टूर्निकेची वेळ राहिली तर हँडओव्हर पुन्हा पहिल्यापासून घ्या.