थेरपीच्या बाकावर आयांचा गट

अपंग मूल आत फिजिओथेरपीला गेलं की आया बाहेर बाकावर नुसत्या बसून असतात. त्यांनी एकमेकींशी मन मोकळं करावं म्हणून गट काढायचा, तर तिथेच सुरू करा. वेगळ्या वेळी बोलावलं तर मुलाला कोणाकडे ठेवायचं, इथेच घोडं अडतं. सहा ते आठ जणी पुरेत. जास्त झाल्या की दोघीतिघीच बोलतात.

"देव खास आईलाच असं मूल देतो" हे वाक्य गटात नकोच. ते ऐकल्यावर राग आणि थकवा बोलायला तोंडच उरत नाही. हे दुःख एकदा येऊन संपतही नाही. धाकटं भावंड चालू लागलं, मुलीची पाळी सुरू झाली, की पुन्हा उसळतं. त्या दिवसांत आपणहून फोन करा.

"काही लागलं तर सांग" म्हटल्यावर कोणी सांगत नाही. "गुरुवारी चार ते सहा मी बसते त्याच्याजवळ" असं म्हणा. आधी एकदा जाऊन भरवायचं कसं ते आईकडून शिकून घ्या: सेरेब्रल पाल्सीच्या (मेंदूतल्या दोषामुळे स्नायूंवर नीट ताबा नसलेल्या) मुलाला आडवं ठेवून भरवलं तर घास श्वासनलिकेत जाऊ शकतो.

यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र), निरामय या सरकारी आरोग्य विम्याचे कागद शेवटच्या दहा मिनिटांत. जीव नकोसा झालाय असं कोणी म्हणाली, तर तिला एकटी सोडू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 तिच्याजवळ बसूनच लावा.