घोड्यांच्या ट्रेलरचा एक्सल निवडताना या चुका टाळा

टेक्सासमध्ये घोडे पाळायला लागल्यापासून ट्रेलरची कामं मी स्वतःच करतो. त्यामुळे ओळखीच्या कुणी जुना टू-हॉर्स ट्रेलर घेतला की फोन मला येतो: "दादा, एक्सल बदलायचाय, कोणता मागवू?" मी विचारतो, भरलेल्या ट्रेलरचं वजन किती? समोरून उत्तर येत नाही. बहुतेकांनी जुन्या एक्सलवर, म्हणजे चाकांच्या दांड्यावर, लिहिलेला वजन पेलण्याचा आकडा वाचलेला असतो आणि तोच परत मागवायचा असतो. पण जुना एक्सल बरोबर होता, हे कुणी सांगितलं?

मी सांगलीकडचा. तिकडे कारखान्यात उसाची ट्रॉली आधी भरून काट्यावर चढते, मग रिकामी. इथेही तेच करा. ट्रक स्टॉपवर मोठे वजनकाटे असतात. जुन्या एक्सलवर भरवसा नसेल तर घोडे चढवू नका, रिकामा ट्रेलर तोला आणि बाकीचं कागदावर मिळवा. साधा हिशोब सांगतो. रिकामा ट्रेलर ३२०० पौंड, ११०० पौंडाचे दोन घोडे, आणि गवत, पाणी, खोगिरं मिळून ४००. एकूण ५८००. त्यातले साधारण १२ टक्के, म्हणजे ७०० पौंड, पुढे हिचवर, म्हणजे पिकअपच्या मागच्या जोडणीवर, जातात. दोन एक्सलवर उरतात ५१००. इथे प्रत्येकी ३५०० पौंड पेलणाऱ्या एक्सलची जोडी पुरते आणि हाताशी थोडं राखूनही राहतं. पण ट्रेलरला कपडे बदलायची खोली असेल आणि घोडे १४०० पौंडांचे असतील तर हीच जोडी काठावर येते. तिथे मी डोळे झाकून ५२०० ची घेतो. पाणी विसरू नका, २० गॅलन म्हणजे १६५ पौंडांच्या वर. जमिनीवरच्या जाड रबर मॅटही हलक्या नसतात. चार फूट बाय सहा फुटांची एकेक मॅट शंभर पौंडांच्या आसपास भरते.

आता ज्या चुकीचा मला खरंच राग येतो, ती.

काही वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये, भर दुपारी, ओळखीतल्या एकाचा फोन आला. वेको ओलांडून ऑस्टिनकडे जाताना आय-३५ महामार्गावर ट्रेलरचं मागचं डावं टायर फुटलं होतं. आत एक घोडी आणि एक खच्ची घोडा. मी माझा ट्रेलर घेऊन पोचलो तेव्हा घोडी घामाने निथळत होती, मागचा एक पाय सारखा उचलून टेकवत होती. पोलिसांनी बाजूची लेन बंद केली तेव्हाच आम्ही घोडे उतरवून माझ्या ट्रेलरमध्ये घेतले. शेजारून अठरा चाकी ट्रक जात असताना हातातल्या दोरीला घोडी हिसके देते, तो अनुभव कुणाच्या वाट्याला येऊ नये.

एक्सल नवेकोरे होते. ३५०० ची टॉर्शनची, म्हणजे नळीतल्या रबरावर दबणारी, जोडी, वजनाच्या हिशोबात चोख. मी चारही हबजवळ, म्हणजे चाकांच्या मध्याजवळ, हात नेला. मागच्या दोन्ही हबांची धग लांबून लागत होती, पुढचे कोमट. मग मागे सरून ट्रेलर बाजूने पाहिला. तोंड वर, शेपूट खाली. नवा उंच पिकअप घेतला होता आणि हिच जुनाच ठेवला होता.

कमानपाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) जोडीत मधे इक्वलायझर नावाचा झुलता दुवा असतो, तो पुढच्या-मागच्या चाकांत भार वाटून घेतो. टॉर्शनमध्ये तसं काही नसतं. नळीतलं रबर आपापल्या चाकापुरतंच दबतं. ट्रेलरचं तोंड वर झालं की भार मागच्या एक्सलवर सरकतो, आणि दोन एक्सलांचं काम तो एकटा करायला लागतो. ट्रेलर भरून, पिकअपला जोडून, सपाट जागेवर उभा करा आणि टेपने चासीची उंची पुढे आणि मागे मोजा. अर्ध्या इंचापेक्षा जास्त फरक मला चालत नाही. फरक निघाला तर खाली उतरणारा बॉल माउंट, म्हणजे हिचमधला ट्रेलर जोडायचा दांडा, आणा. एक्सल मागवण्याआधीच हे बघायचं, कारण टॉर्शनच्या नळीपासून चाकापर्यंत जाणाऱ्या हाताचा कोन ट्रेलरची उंची ठरवतो.

दुसरी चूक याच्या उलट. "जास्तच घेऊन टाकू" म्हणत हलक्या टू-हॉर्सखाली ७००० ची जोडी टाकणारे भेटतात. एवढ्या वजनाला ते रबर दबतच नाही. रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा घोड्याच्या गुडघ्यापर्यंत जातो. घोडा पूर्ण प्रवास उभ्याने, तोल सावरत करतो. चार तास असा सावरलेला घोडा उतरताना पाय आखडून चालतो, हे मी पाहिलंय.

टायर एक्सलच्या तोलाचं हवं. एकाने ५२०० चा एक्सल घेतला आणि सहा बोल्टच्या नव्या रिमवर जुनेच २०५/७५ आर १५ टायर चढवले. लोड रेंज सी, म्हणजे टायरच्या भार पेलण्याच्या वर्गात एकेक १८२० पौंडांचं. म्हणजे दोन टायर मिळून एक्सल झाला ३६४० चा, पैसे दिले ५२०० चे.

मापं अंदाजाने देऊ नका: कमानपाट्यांसाठी हबच्या तोंडापासून तोंडापर्यंत आणि पाट्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंत, टॉर्शनसाठी हबचं तेच माप आणि चासीच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर. मी दोनदा मोजतो, दुसऱ्यांदा दुसऱ्या दिवशी. इलेक्ट्रिक ब्रेकच्या डाव्या-उजव्या प्लेटा अदलाबदल करू नका. ब्रेक चारही चाकांना घ्या. दोन घोड्यांसाठी एकच एक्सल नको, एक टायर गेलं की संपलं.

शुक्रवारी एक्सल आला, शनिवारी बसवला, रविवारी स्पर्धेला निघालो, असं करणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे: पहिली फेरी रिकामी काढा. मी १०, २५ आणि ५० मैलांवर थांबून टॉर्क रेंचने, म्हणजे ठरावीक जोर मोजणाऱ्या पान्याने, चाकांचे नट तपासतो. रिम बसताना नट सैल होतात, म्हणून तीन वेळा. प्रत्येक थांब्यावर चारही हबजवळ हात नेतो. तीन कोमट आणि एक गरम निघाला तर घोडे त्या दिवशी घरीच राहतात.