१९९१चं आखाती युद्ध नकाशावर कसं मांडावं

कुवेत बळकावलेल्या इराकविरुद्ध अमेरिका आणि तिच्या मित्रदेशांनी लढलेलं हे युद्ध कागदावर उतरवायला घेतलं की हात आधी रणगाड्यांकडे जातो. माझाही गेला. वाळवंटात लांबलचक बाण काढले, पण इराकच्या एवढ्या डिव्हिजन, म्हणजे हजारो सैनिकांच्या तुकड्या, समुद्राकडे तोंड करून का बसून राहिल्या, हे त्यातून कळेना. म्हणून सांगते, सुरुवात पाण्यापासून करा.

कुवेत, दक्षिण इराक आणि सौदीची उत्तर सीमा एकत्र दिसेल असा नकाशा घ्या. त्यावर दोन ट्रेसिंग पेपर, एक पाण्याचा, एक जमिनीचा. फैलाका आणि बुबियान ही बेटं, सौदीतलं किनाऱ्यावरचं खफजी गाव, आणि कुवेतच्या पश्चिम सीमेवरचं वादी अल-बातिन हे कोरडं नदीपात्र, एवढ्या खुणा दोन्ही कागदांवर करा म्हणजे ते नंतर नीट जुळतील.

घड्याळ एकच धरा, आखातातलं. हवाई हल्ले तिथे १७ जानेवारीच्या पहाटे सुरू झाले, तेव्हा वॉशिंग्टनमध्ये १६ तारखेची संध्याकाळ होती. जमिनीवरची चढाई २४ फेब्रुवारीला पहाटे ४ वाजता, युद्धविराम २८ला सकाळी ८ वाजता. मोजून पाहा, बरोबर १०० तास भरतात.

पाण्याच्या कागदाला भरपूर वेळ द्या. १८ फेब्रुवारीला तिथे दोन खुणा येतात. सुरुंग काढणारी हेलिकॉप्टरं घेऊन आलेली अमेरिकेची ‘ट्रिपोली’ नौका पहाटे एका सुरुंगावर आदळली आणि तिला मोठं भगदाड पडलं. तो सुरुंग तळाला बांधलेला, पाण्याखाली तरंगणारा होता. काही तासांत ‘प्रिन्स्टन’ या अमेरिकन क्रूझर युद्धनौकेची पाळी आली. तिला सुरुंगाचा स्पर्शही झाला नाही. तळावर पडलेला सुरुंग नौकेच्या नुसत्या चाहुलीने फुटला आणि तिच्या सांगाड्याला तडे गेले. दोन्ही नौका तरल्या. पहिल्या सुरुंगासाठी दोरी लावलेला गोल काढा, दुसऱ्यासाठी भरीव ठिपका. असला समुद्र पार करून सैन्य उतरवायचं म्हणजे काय, ते या दोन खुणांवरून लगेच उमगतं.

आता जहाजांवरच्या सुमारे १७,००० अमेरिकन मरीन सैनिकांचा बाण किनाऱ्याकडे काढा, पण तुटक रेघेने. कुवेतच्या किनाऱ्यावर ते उतरलेच नाहीत. ती हूल होती. २५ फेब्रुवारीला किनाऱ्यावरून अमेरिकन युद्धनौका ‘मिसूरी’च्या दिशेने इराकचं सिल्कवर्म क्षेपणास्त्र सुटलं आणि ब्रिटिश युद्धनौका ‘ग्लॉस्टर’ने ते हवेतच पाडलं. तेही टिपा.

जमिनीचा कागद त्या मानाने सोपा. किनाऱ्यालगत इराकच्या डिव्हिजन मांडा. अमेरिकेची सातवी कोअर, म्हणजे अनेक डिव्हिजनचं मोठं दळ, वादी अल-बातिनच्या पश्चिमेकडून उत्तरेला शिरते आणि उजवीकडे वळते; तिचा बाण भरीव काढा. २६ तारखेची लढाई ‘७३ ईस्टिंग’ म्हणून ओळखली जाते. हे गावाचं नाव नव्हे, नकाशावरची उभी रेघ आहे. त्या वाळवंटात नाव द्यायला दुसरं काही नव्हतंच.

दोन्ही कागद एकमेकांवर ठेवा आणि उजेडासमोर धरा. तुटक बाणाकडे पाहत बसलेल्या डिव्हिजन, आणि त्यांच्या पाठीमागून वळत येणारा तो भरीव बाण, दोन्ही एकाच वेळी दिसतील.