आजारी माणूस सोबत घेऊन लातुरात येताय?

कोकणातून बदली होऊन आलेला जो तो मला पहिल्यांदा विचारतो, "इथे चांगला डॉक्टर कोण?" डॉक्टर इथे भरपूर आहेत, त्याची काळजी करू नका. काळजी करा ती वळवाच्या पावसाची. मे महिन्यात सांजेला वावधान सुटतं, झाड तारेवर पडतं आणि गेलेली लाईट कधीकधी पहाटेपर्यंत येत नाही.

माझे वडील ऑक्सिजनवर होते. पाच लिटरचं कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं यंत्र, साधारण ३५० वॅट वीज खातं. इन्व्हर्टरची १५० अँपिअर-अवरची बॅटरी नवी असली तरी त्यावर ते तीन-चार तासच चालतं; पंखे आणि टीव्ही त्यावरच ठेवलेत तर त्याहून कमी. इन्व्हर्टर साइन वेव्हचाच, म्हणजे घरच्या लाईटीसारखीच वीज देणारा, घ्या. बॅटरीतलं पाणी उन्हाळ्यात दर पंधरवड्याला बघा, इथल्या उन्हात ते भराभर आटतं.

म्हणून भरलेला सिलिंडर घरात हवाच. दहा लिटरचा बी टाइप, मिनिटाला दोन लिटर सोडला तर साधारण बारा तास पुरतो. आणि त्याची चावी हवी. त्या रात्री आमची बॅटरी उतरली तेव्हा सिलिंडर भरलेला होता, रेग्युलेटर लावलेला होता, पण व्हॉल्व्ह उघडायची चावी सिलिंडर आणून देणारा पोरगा सोबत घेऊन गेला होता. मी पक्कड लावली, ती घसरत राहिली. टॉर्चच्या उजेडात वडिलांची नखं निळी पडताना दिसत होती. शेवटी वरच्या मजल्यावरचे मामा अनवाणी धावले आणि गॅस वेल्डिंगवाल्याला उठवून त्याच्याकडची चावी घेऊन आले. वडील वाचले, पण आठ दिवस आयसीयूत काढले. त्या बिलापायी आईच्या पाटल्या मोडल्या. चावी सिलिंडरच्या मानेला सुतळीने बांधा. आजच बांधा.

आपल्याकडच्या माणसांना घरातलं दुखणं शेजारी सांगायला संकोच वाटतो. हे मला पटत नाही. इथली माणसं रात्री दोनला हाक मारली तरी येतात, पण घरात कोण कशावर आहे हे त्यांना आधी ठाऊक हवं. सामान लावायच्या आधी शेजारी जाऊन सांगून या.

लाईट गेली की इन्सुलिनसाठी फ्रीज सारखा उघडू नका. वेळ लांबली तर बाटल्या घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात घालून डबा माठात ठेवा. बर्फाला टेकवू नका. गोठलेलं इन्सुलिन टाकूनच द्यावं लागतं.

डायलिसिस असेल तर सेंटरला पाण्याची सोय विचारा. एका वेळेला शंभर लिटरच्या वर पाणी लागतं, आणि हे शहर २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने आलेल्या पाण्यावर जगलं आहे.

१०८ ला फोन केलात तर कॉलनीच्या नावासोबत जवळचं देऊळ किंवा शाळाही सांगा, आणि एकाला टॉर्च घेऊन कोपऱ्यावर उभं करा.